निताच्या गळ्यातली वीणा

मला राग आलेला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे. रागावर किती निरूपणं ऐकली त्याची मोजदाद नाही. सगळे सांगतात, राग गिळावा. दिवाळीच्या सुट्टीपासून गिळून पाहतोय. उतरत नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा पुसेगावच्या अलीकडं. मी वसराम राठोड. तांड्यात कीर्तनाचं वेड पहिल्यांदा मला लागलं. लोक हसायचे, "वसराम घरी गोरमाटी बोलतो अन् झोपंत मराठी अभंग बडबडतो." हसू द्या. टाळ वाजला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. सेनगाव, कुरुंदा, कनेरगाव नाका, कुठंही सप्ता असो, मी जाणार. नानीबाई, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "लग्न माझ्यासंग केलं अन् नांदतेत मृदंगासंग."

गेल्या वर्षी आमच्याच तांड्यात सप्ता झाला. शेवटच्या दिवशी मोठे महाराज आले. नाव सांगत नाही. त्यांना नावाची हाव आधीच पुष्कळ आहे. त्यांना आणलं बाबूसिंगनं. बाबूसिंग माझा चुलत पुतण्या, आता महाराजांच्या मंडळात पांढरा कुर्ता घालून फिरतो. जेवणं झाल्यावर माझ्या नातीनं, नितानं, महाराजांसमोर एक गाणं म्हटलं. तेव्हा ती सात वर्षांची. गाणं नानीबाईनंच रचलेलं, औंढ्याच्या नंदीचं.

औंढ्याची गोष्ट आमच्याकडं लेकरालेकराला पाठ असते. जुन्या काळी नरसीचे संत नागनाथासमोर कीर्तन करत होते. त्यांना सांगितलं, इथं गलका करू नका, देवळामागं जा. ते मुकाट्यानं मागं गेले आणि तिथं गाऊ लागले. तर देऊळच फिरलं. देवानं तोंड त्यांच्याकडं केलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला. आजही तो देवळाच्या पाठीमागं आहे. नानीबाईला लहानपणापासून त्या नंदीचं वाईट वाटायचं. त्यावर तिनं चार कडवी केली. पहिलं असं:

देव बाई फिरला, नंदी मागं राहिला,
उन्हातान्हात उभा, त्याला कुणी पाहिला?

महाराजांनी ते ऐकलं आणि निताच्या डोक्यावर हात ठेवला. "औंढ्याला माझं कीर्तन होईल तेव्हा हिला घेऊन या. टाळकऱ्यांत उभी राहून हेच म्हणेल. शब्द दिला."

शब्द दिला, असं म्हणाले. पन्नास माणसांत.

निता वर्षभर त्या शब्दावर जगली. शाळेतून आली की टाळ घेऊन ओट्यावर. पाय कसा टाकायचा, टाळकरी कुठं झुकतात, सगळं तिनं माझ्याकडून घोटून घेतलं. तिचा भाऊ सेवा पाच वर्षांचा. तो समोर बसून नंदी व्हायचा.

दिवाळीच्या सुट्टीत बाबूसिंगचा फोन आला. "काका, रविवारी औंढ्याला कीर्तन. निताला आणा."

रविवारी पहाटे आमच्या दिपकची काळीपिवळी निघाली. दिपक माझा मुलगा, लेकरांचा बाप. पुढं तो आणि मी, मागं नानीबाई आणि दोन्ही लेकरं. निताला नवा परकर-पोलका. सेवाच्या हातात पाण्याची बाटली. ती तो कुणाला पिऊ देत नव्हता.

"नंदीला आहे," म्हणाला.

"अरे, नंदी दगडाचा है," दिपक म्हणाला.

"मग त्याला तहान लागत न्हाई?"

दिपकनं गियर बदलला.

औंढ्याला दर्शन झकास झालं. देवळाच्या भिंतीला खाली हत्तींची रांगच्या रांग कोरलेली आहे. सेवा ते मोजत निघाला आणि एकोणतीसवर चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. गाभारा खाली आहे, भुयारासारखा. वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. सेवा वरच घाबरून बसला. तिथल्या पुजाऱ्यानं खालून हाक मारली, "ये रे बाळा, देव भी तुझ्यासारखाच ठेंगणा आहे, म्हणून खाली बसलाय!" पोरगं हसत हसत उतरलं. त्या भल्या माणसाला मी अजून मनात नमस्कार करतो. देवळातल्या कुणाबद्दल माझी तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो.

तक्रार आहे ती कीर्तनाच्या मांडवातली. आणि तिची सुरुवात माझ्यापासूनच झाली.

मांडव आवाराबाहेरच्या मोकळ्या जागेत घातला होता. दिपक गाडीपाशीच थांबला. आम्ही पोचलो तर बाबूसिंग घामाघूम. "काका, वीणेकऱ्याला ताप आला. तुमी उभे राहता का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीर्तनात महाराजांच्या मागं एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा असतो. कीर्तन चालू आहे तोवर ती वीणा जमिनीला लागू द्यायची नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं नाम-भजनाशिवाय शब्द बोलायचा नाही. उतरवायची तर दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, मग देणारा घेणाऱ्याच्या. त्या वेळी वय, जात, मान काही बघायचं नसतं. वीणेपुढं सगळे सारखे.

इतक्या मोठ्या महाराजांमागं वीणा! माझी छाती फुगली. नानीबाईनं बाही ओढली. "अवो, आज लेकरं संगं हैत. वीणा गळ्यात घातली की तुमी आमचे न्हाई राहत."

"तासा-दोन तासाचं तर है," मी म्हणालो. "अन् निता माझ्या शेजारीच उभी राहनार. बराबर ना, बाबूसिंग?"

"एकदम बराबर," बाबूसिंग म्हणाला.

घातली वीणा. हाच माझा गाढवपणा.

महाराज आले. त्यांच्याआधी तीन कॅमेरे आले. आता कीर्तन मोबाईलवर दिसतं, लाखो लोक बघतात, त्याला माझी ना नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी बसून ऐकता येतं. पण कॅमेरेवाला माणूस टाळकऱ्यांना हाताला धरून सरकवू लागला तेव्हा मला खटकलं. उंच लोक मागं, गोरे पुढं. निता टाळ घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली, तर म्हणाला, "ही कोण? यादीत नाही."

मला बोलता येईना. मी बाबूसिंगकडं पाहिलं.

"असू द्या, नंतर बघू," बाबूसिंग म्हणाला. "निता, तू दादीजवळ पुढं बस. नंबर आला की बोलवतो."

ती बसली. टाळाची दोरी बोटाला गुंडाळून, सोडून, पुन्हा गुंडाळून.

कीर्तन चढलं. खोटं कशाला बोलू, महाराजांचा गळा म्हणजे देवाची देणगी आहे. मी वीणेची तार छेडत होतो आणि डोळे भरून येत होते. आणि महाराजांनी गोष्ट कुठली घ्यावी? तीच. औंढ्याची.

"त्या महात्म्याला म्हणाले, मागं जा! अरे, कुणाला म्हणता मागं जा? जो भक्त मागं गेला, त्याच्यासाठी देव फिरला! गर्रकन! असं देऊळ फिरलं!"

महाराजांनी हात गरकन फिरवला. सगळा मांडव गप्प. आणि त्या शांततेत सेवाचा आवाज आला, स्पष्ट:

"दादी, मग हत्तींना चक्कर आली असंल!"

मांडव खदखदा हसला. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. माईकवाला कय्युमभाई, कुरुंद्याचा, मशीनवर डोकं ठेवून हसत होता. मला वाटलं आता महाराज लेकराला उचलून घेतील. जुने कीर्तनकार असंच करायचे. लेकरू बोललं की त्याच्या बोलण्यावरच अर्धा तास गायचे.

कॅमेरेवाल्यानं हात वर केला. "महाराज, आवाज आला मध्ये. ते फिरण्याचं परत घ्या."

परत घ्या! कीर्तन परत घ्या! मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आणि महाराजांनी मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं, बाबूसिंगकडं बघितलं आणि गोड आवाजात म्हणाले, "लेकरांना जरा मागं खेळू द्या, माउली."

बाबूसिंग आला आणि सेवाचं बखोट धरलं.

"चला, उठा. काकी, घेऊन जा ह्यांना मागं. नंदीकडं खेळतील."

"खेळायला न्हाई आलो आमी," नानीबाई म्हणाली. "लेकरू बोललं तर काय मांडव कोसळला?"

"काकी, तमाशा नका करू. शूटिंग चालू है."

निता उभी राहिली. "बाबूकाका, माझा नंबर?"

"तुझं पुन्हा कधी. जा."

"पण महाराजांनी शब्द..."

"जा म्हणलं ना!"

आणि त्यानं तिला खांद्याला धरून वळवलं. ढकललं म्हणणार नाही. पण तिच्या हातातला एक टाळ खाली पडला आणि ठण्ण वाजला. कॅमेरेवाल्यानं कपाळाला हात लावला.

मी वीणेला बांधलेला. दहा पावलांवर माझी नात वाकून टाळ उचलत होती. ती रडत नव्हती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी तिथं उभा आहे हे खरं आहे का, एवढंच बघत होती. माझ्या तोंडून शब्द निघेना. रीतच तशी. मग चौघंही, नानीबाई, दोन लेकरं आणि सेवाच्या हातातली नंदीची बाटली म्हणा, मागं गेली.

इकडं महाराजांनी उपरणं सावरलं. "अरे, कुणाला म्हणता मागं जा? जो भक्त मागं गेला..."

तेच शब्द. तोच हात. तीच गिरकी. आणि ह्या खेपेला डोळ्यांत पाणीसुद्धा.

माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. वाटलं, ही वीणा घालावी ह्याच्या टाळक्यात. देवा, खरंच वाटलं. मग बोटं तारेवर थांबली. वीणा खाली ठेवता येत नाही. बोलता येत नाही. पण चालता येत नाही असं कुठल्या रीतीत सांगितलंय?

मी चालू लागलो.

टाळकऱ्यांच्या मधून, महाराजांच्या अंगावरून, कॅमेऱ्यासमोरून. तार छेडत, नाम घेत, सावकाश. कुणाला कळेना काय चाललंय. मांडवाबाहेर पडलो, आवारात शिरलो आणि हत्तींच्या रांगेच्या कडेनं मागं गेलो.

नंदीजवळ तिघं बसली होती. सेवा नंदीच्या तोंडाशी बाटली धरून होता. मला बघून म्हणाला, "दादा, आमाला मागं पाठवलं. आता देऊळ फिरंल ना?"

 निताजवळ गेलो आणि खुणेनं तिला उभं केलं. नानीबाईला लगेच कळलं.

"निता, दादाच्या पाया पड. वीणा घे."

"मी? मी तर लहान है."

"वीणेला लहान-मोठं कळत न्हाई."

ती माझ्या पाया पडली. वीणा तिच्या गळ्यात घातली. भोपळा गुडघ्यापर्यंत आला, म्हणून तिनं दांडी दोन्ही हातांनी कवटाळली. मग मी वाकलो आणि माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या पायांवर डोकं ठेवलं. चाळीस वर्षांत इतक्या मनापासून कुणाच्या पाया पडलो नव्हतो. महाराजांच्याही नाही.

"म्हण आता," मी म्हणालो. मला बोलता येत होतं.

तिनं सुरू केलं. आवाज आधी बारीक निघाला, मग खुलला. नानीबाई टाळ वाजवू लागली. दर्शनाला आलेल्या चार बायका थांबल्या, खाली बसल्या. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. तेवढ्यात बाबूसिंग धावत आला.

"काका! तिकडं सगळं थांबलंय! वीणा द्या!"

"माझ्याकडं कुठं है?" मी म्हणालो. "जिच्या गळ्यात है तिच्याकडून घे. रीत तुला ठाऊक है. मीच तुला शिकवली."

बाबूसिंगनं निताकडं पाहिलं. निता गायची थांबली होती. तिचं चौथं कडवं राहिलं होतं.

"पोरीच्या पाया पडू?"

"काहून?" नानीबाई म्हणाली. "कुर्त्याला मळ लागंल?"

"काकी, लोक बघून राहिलेत."

"मघाशी लेकराचं बखोट धरलंस तेव्हा भी लोक बघूनच राहिले होते."

त्यानं हात पुढं केला, थेट वीणेकडं. मी मध्ये उभा राहिलो. एवढंच केलं, मध्ये उभा राहिलो. माझं वय बासष्ट आहे, पण पेरणीला तिफण धरलेले हात आहेत.

"आधी वाक," मी म्हणालो. "मग घे. न्हाई तर परत जा अन् महाराजांना पाठव. ते वाकले तरी चालंल. शब्द त्यांचाच होता."

बाबूसिंग लाल झाला. परत गेला. आम्हाला वाटलं, आता महाराज येतील. मीही तोंडानं कितीही शिव्या देत असलो तरी मनात आशा धरून होतो, खोटं कशाला सांगू. सेवा कोपऱ्यावरून डोकावत राहिला. "आले का? आले का?"

कोण आलं? कय्युमभाई आला. त्याची मान खाली होती.

"वसरामभाऊ, चालू झालं तिकडं."

"वीणेशिवाय?"

"मोबाईलवर तंबोऱ्याचा आवाज लावला. मला म्हणाले, मशीनला जोड. मी म्हणलं, साहेब, मी मुसलमान माणूस, पण वीस साल कीर्तनाला माईक लावून राहिलो. वीणेबिगर कीर्तन होत न्हाई एवढं मला भी समजते. तर त्या कॅमेरेवाल्यानं स्वतःच वायर जोडली. मी मशीन सोडून आलो." तो खाली बसला आणि निताला म्हणाला, "बेटी, तुझं काय राहिलं ते म्हण. माईक न्हाई लागत तुला."

मोबाईल! माणसाच्या गळ्यातली वीणा आणायला एकदा वाकावं लागलं असतं. एकदाच. त्यापेक्षा त्यांना मोबाईल बरा वाटला. देऊळ फिरल्याची गोष्ट सांगणाऱ्या माणसाची मान फिरेना.

निताला मी म्हणालो, "म्हण." तर ती म्हणाली नाही. ओठ घट्ट मिटून वीणा धरून उभी राहिली. मग रीत विसरून हळूच पुटपुटली, "शेवटचं त्यांच्यासाठी ठेवते."

कीर्तन संपेपर्यंत ती तशीच उभी. आम्ही आळीपाळीनं भोपळ्याला खालून हात दिला. सेवानं हत्ती मोजून संपवले. किती भरले ते विचारलं तर म्हणाला, "लई." वीणा घ्यायला कुणी आलं नाही. महाराजांची गाडी हॉर्न वाजवत गेली. मग निघालो. काळीपिवळीत निता वीणा गळ्यात घालून पुढच्या सीटवर बसली, अन् मी मागं.

गाडी हिंगोलीच्या पुढं गेली तेव्हा सेवा म्हणाला, "दादा, देऊळ न्हाई फिरलं."

"न्हाई फिरलं."

"आपून नीट म्हणलं न्हाई का?"

 खरं सांगतो, माझा राग वीणेसाठी नाही. मानासाठी नाही. तो ह्या एका प्रश्नासाठी आहे. पाच वर्षांच्या लेकराला वाटावं की आपलंच चुकलं म्हणून देव फिरला नाही! हे ओझं त्याच्या डोक्यावर कुणी ठेवलं?

"तुमी बराबर म्हणलं," मी म्हणालो. "देव तिकडंच होता. आपल्याकडंच. त्याला फिरायची गरजच न्हाई पडली."

सेवानं विचार केला. "मग फिरायचं कुणी होतं?"

 उत्तर दिपकनं दिलं. असं दिलं की नानीबाईनं त्याच्या पाठीत चापट मारली.

वीणा आमच्या तांड्यातल्या देवळात खुंटीला टांगली आहे. चोरली नाही. दुसऱ्याच दिवशी बाबूसिंगला निरोप धाडला: निताच्या गळ्यातून उतरली आहे, निताच्या गळ्यातूनच घेऊन जा, रीतीनं. एकादशीला निता ती गळ्यात घालते, तीन कडवी म्हणते आणि थांबते. चौथं म्हणत नाही. तांड्यातल्या बायकांना आता त्याची सवय झाली आहे. थांबली की त्या गप्प बसतात.

परवा बाबूसिंगचा फोन आला. नानीबाईनं आवाज मोठा केला, सगळ्यांनी ऐकला.

"काका, महाराजांनी नवी वीणा घेतली. ती तुमच्याकडंच राहू द्या. मंडळाकडून दान समजा."

दान! मी फोन हातात घेऊन असा काही ओरडलो की शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "दान कुणाला देतो रे? एका लेकराला दिलेला शब्द मोडता अन् वर दान? महाराजांना सांग, वसराम राठोड तुमचं कीर्तन जन्मात ऐकणार न्हाई! गळा कितीही गोड असू दे!"  पण मला ठाऊक आहे, त्या गळ्यासारखा गळा पुन्हा ऐकायला मिळणार नाही. तोही राग आहेच.

निता शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं फोन मागितला.

"बाबूकाका, फोन ठेवू नका. माझं एक कडवं राहिलं होतं."

 निता तिथंच चुलीपाशी उभी राहून म्हणू लागली:

घागर माझी भरली, चालले मी मागं,
ज्याला कुणी न्हाई त्याची तहान आधी भागं.

दोनदा म्हटलं, रीतीप्रमाणं. बाबूसिंगनं फोन कापला नाही.  मग घसा खाकरून तो हळू बोलला, "निता... पाया पडतो बाई."

"फोनवर न्हाई पडता येत, काका," निता म्हणाली. "घरी या. अन् महाराजांना भी आणा. कॅमेरा नका आणू."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि खेळायला गेली. अजून कुणी आलेलं नाही. वीणा खुंटीवर आहे, आणि माझा रागही.